डाईच्या पाण्याचा रंग उन्हात उडवायचाय? हिराकस, पेरॉक्साइड आणि गच्ची

दर जानेवारीत प्रोजेक्टवाली पोरं येतात आणि मोबाईल पुढे करून तोच फोटो दाखवतात. एका बीकरमध्ये निळंशार पाणी, शेजारच्यात एकदम नितळ, आणि वर 'मॅडम पंच्याण्णव टक्के डाई गेली'. मी विचारते पाणी कुठनं आणलं, तर म्हणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलीन ब्लू टाकली. अरे पण मिथिलीन ब्लूने साडी कोण रंगवतं? आणि त्यात ही डाई लबाड, तिला इलेक्ट्रॉन मिळाले की ती तुटत नाही, नुसती बिनरंगाची होऊन बसते, मग बाटली जरा हलवली, हवा लागली, की निळी परत हजर. एका मुलीचं सबमिशनच्या दिवशी नेमकं हेच झालं, बाटली बॅगेत हलत हलत आली आणि बाहेर काढली तेव्हा आकाशी.

मी स्वतः सहा वर्षं साकीनाक्याकडच्या एका छोट्या डाईहाऊसच्या ईटीपीवर (सांडपाणी साफ करायचा प्लँट) काढलीत, आता कॉलेजच्या लॅबला आहे. त्यामुळे खरं पाणी कसं असतं ते माहितीये. कोमट असतं, धुण्याच्या सोड्यामुळे बोटांना बुळबुळीत लागतं, वर साबणाचा फेस, आणि मीठ एवढं की सांडलं तिथे वाळल्यावर पांढरी रेघ उरते. सुती कापडाला ज्या रिअ‍ॅक्टिव्ह डाया वापरतात त्यांतला १० ते ४० टक्के माल कापडाला न लागता गटारात जातो, आणि डाई मुळात बनवलेलीच अशी असते की उन्हाने आणि धुण्याने जाऊ नये, मग साध्या टाकीतले जिवाणू तिचं काय वाकडं करणार. म्हणून हे प्रकाशाचं प्रकरण. खाली लिहिलंय ते एक लिटर खऱ्या पाण्यावर कसं करायचं ते, कॉलेजच्या पोरांनाही चालेल आणि छोट्या युनिटवाल्याला ट्रायल घ्यायची असेल तर त्यालाही.

पद्धती तीन. यूव्ही दिवा आणि पेरॉक्साइड ही एक, टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर आणि यूव्ही ही दुसरी, आणि लोखंड, पेरॉक्साइड, ऊन ही तिसरी, जिला फोटो-फेंटन म्हणतात. तिन्हीत काम करणारा गडी एकच, हायड्रॉक्सिल रॅडिकल, जो समोर येईल त्याला ओरबाडतो, डाई आहे का साबण आहे का सोडा आहे असं काही बघत नाही. हे 'बघत नाही' लक्षात ठेवा, पुढचे अर्धे घोटाळे त्यातूनच आहेत. फेंटन नावाच्या इंग्रज केमिस्टने १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर, म्हणजे आपल्या चिंचेत असतं त्याच आम्लावर, लोखंड आणि पेरॉक्साइड वापरून पाहिलं होतं. फेरस लोखंड पेरॉक्साइडला फोडतं, रॅडिकल तयार होतो आणि लोखंड स्वतः फेरिक होतं. अंधारात ते फेरिक होऊन तसंच बसून राहतं, परत फेरस व्हायला फार वेळ लावतं. ऊन पडलं की पटकन परत फेरस होतं, आणि होता होता आणखी एक रॅडिकल देऊन जातं. म्हणजे थोड्या लोखंडात काम भागतं, गाळ कमी. मुंबईत ऊन फुकट आहे, वीज नाही, म्हणून माझं मत सरळ तिसऱ्या पद्धतीला.

आता सामान. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे खडे हवेत, पिवळे-तपकिरी पडलेले घेऊ नका, ते आधीच फेरिक झालेत. हायड्रोजन पेरॉक्साइड ३० टक्क्यांचं, ज्याला दुकानात १०० व्हॉल्यूम म्हणतात (केमिस्टकडे जखमेसाठी मिळतं ते २० व्हॉल्यूम, सहा टक्के, चालतं पण पाचपट घालावं लागतं). सल्फ्युरिक अ‍ॅसिड, कॉस्टिक किंवा चुना, पीएच मीटर. प्रिन्सेस स्ट्रीटला सगळं मिळतं, फक्त अ‍ॅसिडसाठी ओळखपत्र न्या, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशापासून दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. आणि हात जोडून सांगते, ३० टक्के पेरॉक्साइड पिशवीत घालून लोकलने आणू नका. बाटली तापली की आत ऑक्सिजन धरतो, वरच्या रॅकवर ठेवलीत आणि झाकण उडालं तर डब्यातली माणसं तुम्हाला सोडणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. कॉलेजला घरपोच मागवा. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा. बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडते आणि तासभर चुणचुणते, हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

भांडं पसरट काचेचं घ्या, केकसाठी ओव्हनमध्ये ठेवतात तसलं. स्टीलचं ताट नको आणि जर्मनचं पातेलं तर अजिबात नको, आम्ल आणि मीठ मिळून दोघांना खातात. पसरटच का, तर पाणी गडद असतं. समजा एक सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायची छोटी चौकोनी नळी) तुमच्या पाण्याचं शोषण २ आलं, याचा अर्थ एक सेंटीमीटर खाली गेल्यावर त्या रंगाचा प्रकाश फक्त एक टक्का उरतो. उंच बीकरमध्ये खालचे नऊ सेंटीमीटर पाणी अंधारातच बसलेलं असतं आणि आपण म्हणतो रिअ‍ॅक्शन स्लो आहे. दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा थर ठेवा आणि मधून मधून काचेच्या कांडीने हलवत राहा. खूपच काळंभोर असेल तर आधी पातळ करा.

पाणी कुठलं घ्यायचं नाही ते आधी वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. सल्फर ब्लॅकचं पाणी असेल, सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर त्यात अ‍ॅसिड टाकायचं नाही म्हणजे नाही. हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे धोका गेला असं वाटतं तेव्हाच तो खरा असतो. ज्या पाण्यात 'हायड्रो' (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरलाय त्यालाही अ‍ॅसिड लावलं की सल्फर डायऑक्साइड येतो, ठसका लागतो, शिवाय तो हायड्रो तुमचं अर्धं पेरॉक्साइड डाईपर्यंत पोचायच्या आत संपवतो. पॉलिस्टरच्या डिस्पर्स डाया आणि व्हॅट डाया तशाही पाण्यात विरघळलेल्या नसतात, त्यांना तुरटी किंवा पॅक (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) टाकून खाली बसवा, स्वस्तात होतं, उगाच उन्हात कशाला. प्रकाशाचा खरा उपयोग विरघळलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह आणि अ‍ॅसिड डायांना, त्यातही अ‍ॅझो वाल्या (ज्यांचा रंग नायट्रोजनच्या जोडीच्या बंधामुळे असतो). फिरोजी रंग मात्र चिवट, त्यात तांबं असतं, रेणू तुटला की तांबं पाण्यात मोकळं होतं.

आणि डाईबाथचं पाणी न घेता नंतरच्या धुण्याचं घ्या. डाईबाथमध्ये लिटरला ४० ते १०० ग्रॅम मीठ असू शकतं, एवढ्या क्लोराइडमध्ये रॅडिकल डाईऐवजी क्लोराइडलाच जाऊन भिडतात आणि वरून क्लोरीन चिकटलेली नवी सेंद्रिय संयुगं तयार व्हायची भीती.

चला, सुरू. एक लिटर पाणी फडक्यातून गाळा, धागे आणि सूत निघालं पाहिजे. थंड होऊ द्या. पीएच बघा, १० च्या पुढेच असेल. तो ३ वर आणायचाय, २.८ ते ३ मध्येच गंमत आहे, ४ च्या वर गेलात की लोखंड तांबडा चिखल होऊन खाली बसतं आणि २.५ च्या खाली परत मंदावतं. अ‍ॅसिड पातळ करून वापरा, १ नॉर्मल पुरे, म्हणजे साधारण २८ मिली तीव्र अ‍ॅसिड एक लिटरला, आणि अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. टाकलं की फसफसून वर येतं, सोड्यातला कार्बन डायऑक्साइड तो, म्हणून भांडं अर्धं रिकामं हवं. पाण्यात लिटरला १ ग्रॅम सोडा असेल तर तो मारायला १ नॉर्मलचं जवळजवळ १९ मिली लागतं आणि पाव लिटरच्या आसपास गॅस निघतो. हे फसफसणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, घाई नको, कारण कार्बोनेट रॅडिकलला डाईच्या आधी गाठतो. हायड्रोक्लोरिक स्वस्त मिळतं म्हणून ते घेऊ नका, परत क्लोराइड.

माझं पहिलं ट्रायल इथेच गेलं होतं. स्ट्रिपवर पीएच ३ दिसला म्हणून हिराकस टाकली, दहा मिनिटांत सगळं चहासारखं तपकिरी. १ ते १४ वाल्या स्ट्रिपवर ३ कुठला आणि साडेचार कुठला ते रंगीत पाण्यात कळतच नाही हो, डाईचाच रंग स्ट्रिपला चढतो. मीटरच वापरा, आणि आधी बफरने कॅलिब्रेट करा.

हिराकस. ७.५ ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवा, आधी त्यात दोन थेंब अ‍ॅसिड टाकून, नाहीतर दुपारपर्यंत पिवळी पडते. रोज ताजी करा. यातलं १० मिली तुमच्या एक लिटरमध्ये गेलं की ७५ मिलिग्रॅम हिराकस, त्यात लोखंड १५ मिलिग्रॅम, कारण हिराकशीत लोखंड पाचवा हिस्साच असतं. हलवा.

पेरॉक्साइड. लिटरला ५०-१०० मिलिग्रॅम डाई असलेल्या धुण्याच्या पाण्याला ३० टक्क्यांचं १ मिली, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, यापासून सुरुवात करा. पण एकदम ओतू नका. पाव-पाव मिली चार वेळा, दर दहा मिनिटांनी. जास्त झालं की पेरॉक्साइड स्वतःच रॅडिकलला खायला लागतं, म्हणजे आपणच पैसे टाकून आपलंच काम थांबवतो. ईटीपीवर आमचा एक ऑपरेटर होता, त्याचं म्हणणं 'ताई, थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं', आणि बिघडायचंच. रंगासोबत सीओडीही (पाण्यातला सेंद्रिय माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा) खाली आणायचा असेल तर हिशेब वेगळा, कागदावर १ ग्रॅम सीओडीला २.१ ग्रॅम पेरॉक्साइड लागतं, प्रत्यक्षात किती ते तुमच्या पाण्यावर.

आता भांडं उन्हात. गच्चीवर, सकाळी ११ ते ३. खिडकीच्या आत ठेवून 'ऊन तर येतंय' म्हणू नका, काच यूव्हीतला बराच भाग अडवते, आणि वरून सन-फिल्म लावलेली असेल तर संपलंच. त्याच वेळी तेच सगळं मिश्रण दुसऱ्या भांड्यात भरून चपात्या गुंडाळायच्या फॉइलने गच्च झाका आणि शेजारी ठेवा, पण फॉइल पाण्याला लागू देऊ नका. तिसऱ्यात हिराकस न घालता डाईचं पाणी आणि पेरॉक्साइड, चौथ्यात पीएच ३ केलेलं नुसतं डाईचं पाणी उन्हात. या चार भांड्यांशिवाय कोणी मला 'उन्हाने झालं' म्हणू नये, अर्धा रंग तर फॉइलखालीही जातो, कारण अंधारातलं फेंटन पण फेंटनच आहे. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही सारखेच उतरतात, खरा फरक त्यानंतर दिसतो, फॉइलवालं अडखळतं आणि उन्हातलं उतरतच राहतं.

बघायला मजा येते. मागच्या मे महिन्यात चेंबूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ चं पाणी ठेवलं होतं, सुरुवातीला जांभळट शाईसारखं, तळ दिसत नव्हता. दहा मिनिटांत कडेकडेने, जिथे थर पातळ, तिथे लालसर झालं, मग मध्ये काळपट वाइनचा रंग, अर्ध्या तासाने मध घातलेल्या कोमट पाण्यासारखं, आणि पाऊण तासाने गवती चहाचा पहिला उतारा असतो तसं फिकट पिवळं. तो शेवटचा पिवळा डाईचा नाही, फेरिक लोखंडाचा. वरच्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं कोकम सरबत आहे का. भांड्यांवर लेबल लावा, ही सूचना त्या दिवशीपासून. पावसाळ्यात ढगाळ असलं तरी होतं, ढगातूनही यूव्ही येतं, वेळ मात्र दुप्पट-तिप्पट धरा, आणि जुलैत भांड्यात पावसाचं पाणी पडून 'डाई गेली' असंही होऊ शकतं.

दर दहा मिनिटांनी ५ मिली सॅम्पल काढायचं आणि लगेच त्यात कॉस्टिकचे थेंब टाकून पीएच ८-९ करायचा, लोखंड खाली बसतं, रिअ‍ॅक्शन जागच्या जागी थांबते. ही पायरी विसरलात तर लोकल चुकवून लॅबला पोचेपर्यंत सॅम्पल ट्यूबमध्येच साफ होत राहतं आणि सगळ्या वेळांचे आकडे सारखे येतात. गाळून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घ्या, रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ ला ५९७ नॅनोमीटरच्या आसपास. पण तिथेच थांबू नका, २५४ वरही बघा, बेंझीनची कडी असलेली मंडळी तिथे दिसतात. ५९७ वरचा आकडा शून्याला टेकलेला आणि २५४ वरचा अजून अर्धासुद्धा उतरलेला नाही, हे चित्र नेहमीचं. अ‍ॅझो बंध तुटला की रंग जातो, तुकडे राहतात, त्यात अ‍ॅरोमॅटिक अमाइन असू शकतात, ज्यातले काही मूळ डाईपेक्षा वाईट. म्हणून रंग गेल्यावरही भांडं अजून तास-दीड तास उन्हातच ठेवा, पेरॉक्साइड संपलं असेल तर पाव मिली आणखी. ट्रायाझीन गटाच्या डायांमधली सायन्युरिक आम्लाची कडी मात्र या सगळ्याला पुरून उरते, रॅडिकल तिला फोडतच नाही.

मग पूर्ण भांड्याचा पीएच चुन्याच्या निवळीने किंवा कॉस्टिकने ८ वर आणा. एकदम ओतू नका, हळूहळू. तांबडे-तपकिरी पुंजके तयार होतात, हलवलं की तरंगतात आणि तासाभरात खाली बसतात. त्यांच्यासोबत थोडं तांबंबिंबं असेल तेही जातं. वरचं पाणी निवळून घ्या. गाळ मोरीत नाही ओतायचा, ईटीपीचा केमिकल गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतो, युनिटवाल्यांनी तो त्याच वाटेने पाठवायचा आणि कॉलेजवाल्यांनी लेबल लावून वेस्टच्या बाटलीत. बाटलीचं झाकण सैल ठेवा, उरलेलं पेरॉक्साइड गॅस सोडत असतं.

आता सीओडी, आणि माझी जुनी फजिती. आमच्या युनिटने एकदा मोठ्या हौसेने ट्रीट केलेलं पाणी बाहेर टेस्टिंगला पाठवलं. आधीचा सीओडी लिटरला ३१० मिलिग्रॅम, नंतरचा आला ३९०. मालक माझ्याकडे बघतोय, मी रिपोर्टकडे. पाणी तर नितळ होतं, डोळ्यासमोर. दोन दिवस लॅबवाल्याला शिव्या घातल्या आणि मग डोक्यात प्रकाश पडला, सीओडीच्या टेस्टमधला डायक्रोमेट पेरॉक्साइडलाही खातो. १ मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरलं असेल तर सीओडी ०.४७ मिलिग्रॅमपर्यंत फुगतो, लिटरला ३०० मिलिग्रॅम उरलं तर १४० च्या वर नुसता खोटा सीओडी. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेली मर्यादा सीओडीला २५० आहे, मग यात अर्ध्याहून जास्त जागा पेरॉक्साइडच खाऊन बसलं. तेव्हापासून मी पेरॉक्साइडच्या स्ट्रिपने शून्य बघितल्याशिवाय सॅम्पल देत नाही. उरलं असेल तर पीएच ८-९ ला, जरा कोमट ठेवून, रात्रभर उघडं सोडा, किंवा चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकून हलवा आणि गाळा. सोडियम सल्फाइटने लगेच जातं खरं, पण ते जास्त पडलं तर त्याचाही सीओडी येतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि एक, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) याने कमी होत नाही, उलट वाढतो. अ‍ॅसिड टाकलं, कॉस्टिक टाकलं, हिराकस टाकली, ते सगळं मीठ होऊन पाण्यातच बसलं. त्याच नियमात टीडीएसची मर्यादा २१०० आहे. मिठाचं दुखणं आरओचं आहे, उन्हाचं नाही, कोणी मशीन विकणारा दोन्ही होईल म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

ज्यांना टायटॅनियम डायऑक्साइडच करायचंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्डवेअरच्या दुकानातली रंगासाठीची पांढरी पावडर आणू नका, ती बहुतेक रुटाइल तऱ्हेच्या स्फटिकांची असते आणि तिच्यावर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचं कवच मुद्दाम चढवलेलं असतं, नाहीतर उन्हात भिंतीचा रंगच खाल्ला असता. अ‍ॅनाटेज लागतं, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेचे स्फटिक, पी२५ नावाची मिळते ती चालते, तिच्यात साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, त्याहून जास्त टाकलं तर दुधासारखं होऊन प्रकाशच आत जात नाही. उन्हात ठेवायच्या आधी अर्धा तास अंधारात हलवा, कारण डाई पावडरीला नुसती चिकटते आणि ते 'गेली' म्हणून मोजलं जातं, हा घोळ मी दर वर्षी बघते. अ‍ॅनाटेजला ३८७ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो, तो उन्हात चार-पाच टक्केच, म्हणून हे फोटो-फेंटनपेक्षा सावकाश. फायदा एवढाच की पीएच ३ करावा लागत नाही. पावडर परत मिळवणं ही शिक्षा आहे, पीएच साडेसहाच्या आसपास आणून रात्रभर ठेवलं तर बरीचशी बसते.

यूव्ही दिवा आणि पेरॉक्साइडसाठी घरच्या वॉटर प्युरिफायरमधला जुना ११ वॅटचा २५४ नॅनोमीटरवाला दिवा कामाला येतो, क्वार्ट्झच्या नळीसकट काढा, साधी काच तो प्रकाश जाऊच देत नाही. पण पेरॉक्साइड २५४ वर फार कमी प्रकाश शोषतं आणि डाई भरपूर, त्यामुळे गडद पाण्यात हा प्रकार रडतो, जवळपास साफ झालेल्या पाण्याला शेवटचा हात मारायला ठीक. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी एक सेकंदही बघायचं नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि ते रात्री झोपताना कळतं.

शेवटी एक स्वस्त टेस्ट, जिला मशीन लागत नाही. तीन बश्या घ्या, फिल्टर पेपर, प्रत्येकीत २० मेथीचे दाणे. एकीत नळाचं पाणी, एकीत मूळ डाईचं पाणी पीएच ७ करून, एकीत तुमचं ट्रीट केलेलं, पेरॉक्साइड शून्य झालेलं. जमलं तर चौथीत नळाच्या पाण्यात तेवढंच मीठ घालून, म्हणजे मेथी मिठाने मेली का डाईच्या तुकड्यांनी ते वेगळं कळेल. बशा झाकून अंधाऱ्या कपाटात तीन दिवस. मग मोड मोजा आणि पट्टीने मुळांची लांबी. मागच्या वेळी आमच्या ट्रीट केलेल्या बशीत मोड सगळे आले होते पण मुळं नळाच्या पाण्यातल्यापेक्षा निम्मी, टोकाला तपकिरी, तेव्हा कळलं की रंग गेल्यावर पोरांनी भांडं लगेच आत आणलं होतं. दुसऱ्या वेळी दीड तास जास्त ठेवलं तर मुळं बरीच वाढली. मोजून झालं की ती मेथी घातक कचऱ्याच्या पिशवीत, भाजीत नाही, हे सांगावं लागतं कारण आमच्या शिपाईमामांनी एकदा 'मोड छान आलेत' म्हणून बशी उचलली होती.